खाडीकाठच्या शाळेतील गादीवाफे : शरदात तयारी, वसंतात भाजी

नायगाव हे वसईच्या खाडीच्या उत्तर तीरावरचे गाव. समोर खाडीच्या पात्रात पाणजू बेट, पलीकडे भाईंदर आणि काठाकाठाने पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविणारी आगरे, अशी या परिसराची जुनी ओळख आहे. त्याच वसई तालुक्याच्या पश्चिम किनारपट्टीवर केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांच्या नावाजलेल्या वाड्या आहेत. म्हणजे एकाच तालुक्यात, थोड्याच अंतराच्या फरकाने, एकीकडे माती मीठ देते आणि दुसरीकडे भाजी. खाडीलगतच्या शाळांना भाजीबाग करावयाची झाल्यास या फरकाचे कारण शिक्षकांनी प्रथम नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा शाळांतील बागेचा इतिहास बहुधा एकसारखा असतो. प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास उत्साहाने जमीन खणली जाते, वाफे आखले जातात, बी पेरले जाते. निम्मे बी उगवतच नाही. जे उगवते त्याच्या पानांच्या कडा करपतात. मार्चपर्यंत वाफ्यावर पांढुरका पापुद्रा धरतो आणि बाग ओस पडते. मग निर्णय दिला जातो की, ‘या मातीत काही येत नाही.’ मुले हा निर्णय ऐकतात व खराही मानतात. आपल्या गावची माती वाईट आहे, ही समजूत एकदा मुलाच्या मनात बसली की ती पुस्तकातील कोणत्याही धड्याने सहज निघत नाही. वस्तुतः अशा बागेत बहुधा मातीपेक्षा मुहूर्त चुकलेला असतो. जे काम आश्विनात व्हावयास हवे होते ते माघात केलेले असते.

मीठ वर कसे येते

खाडीलगतच्या जमिनीत थोड्याच खोलीवर खारे पाणी असते. भरतीचे पाणी बांध व उघाडी यांनी अडविले तरी जमिनीच्या पोटातील खारेपणा पुरता जात नाही. पावसाळ्यात या भागात सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. एवढे गोडे पाणी चार महिने वरून खाली झिरपत राहिल्याने वरच्या थरातील मीठ विरघळते व खाली ढकलले जाते. काही ओघळून खाडीस मिळते. म्हणून वर्षाच्या बारा महिन्यांत वरची माती सर्वांत गोडी असते ती पावसाळा संपताना.

पाऊस थांबला की उलटा प्रवास सुरू होतो. ऊन व वारा जमिनीच्या पृष्ठभागातील ओलावा घेऊन जातात. त्याची जागा भरून काढण्यासाठी मातीच्या बारीक छिद्रांतून खालचे पाणी वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसेच हे केशाकर्षण होय. वर आलेल्या पाण्याची वाफ होते. त्यातील मिठाची होत नाही. ते तेथेच राहते. महिन्यामागून महिना ही क्रिया चालून एप्रिल-मेमध्ये वरच्या बोटभर थरात मीठ सर्वांत जास्त साठते. मिठागरात पाण्याची उथळ खाचरे भरून आगरी माणूस उन्हाकडून जे काम मुद्दाम करवून घेतो, तेच काम उघड्या पडलेल्या शेतात ऊन आपण होऊन करीत असते. नायगावच्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगण्यास निराळ्या चित्राची गरज नाही. मिठागर हेच त्याचे चित्र.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, पावसाने फुकट धुऊन दिलेली माती मीठ वर चढण्यापूर्वी हाती घेतली पाहिजे. दुसरी ही की, हाती घेतलेल्या मातीला खालच्या ओलीपासून उंच उचलले पाहिजे आणि वरच्या उन्हापासून झाकले पाहिजे. शरद ऋतूतील गादीवाफा या दोन्ही गोष्टी एकदम साधतो.

शरदातच का

थंड देशांत भाजीचे वाफे शरदात खणून ठेवतात ते हिवाळ्यातील गोठणाऱ्या थंडीने ढेकळे फुटावीत म्हणून. कोकणात अशी थंडी नाही, तेव्हा ते कारणही येथे लागू नाही. येथे शरदाचे महत्त्व मिठामुळे आहे. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या ८ तारखेच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे हा या कामाचा खरा काळ. जमीन ओली असते पण चिखल नसतो, आणि मीठ अजून खाली असते.

जानेवारीत वाफे केल्यास काय होते तेही पाहावे. गादी उंच करण्यासाठी शेजारच्या वाटेवरील माती खरवडून वर टाकावी लागते. तोपर्यंत त्या मातीच्या वरच्या थरात मीठ जमलेले असते. म्हणजे बी ज्या जागी पेरावयाचे नेमक्या त्याच जागी आपल्या हाताने मीठ आणून टाकल्यासारखे होते. हीच माती ऑक्टोबरात उचलली तर ती धुतलेली असते. काम तेच, श्रम तेवढेच. तीन महिन्यांच्या फरकाने फळ मात्र उलटे.

वाफ्याचे माप आणि वर्गाचे गणित

वाफ्यात कोणाचाही पाय पडू नये, हा गादीवाफ्याचा पहिला नियम. पायाने माती दबते, छिद्रे बारीक होतात आणि बारीक छिद्रांतून खारे पाणी अधिक उंच चढते. म्हणून वाफ्याची रुंदी मुलाच्या हाताच्या पोहोचीवरून ठरवावी. दोन्ही बाजूंनी मधोमधपर्यंत हात पोहोचण्यास ९० सेंटिमीटर रुंदी पुरेशी आहे. लांबी ३ मीटर व दोन वाफ्यांमधील वाट ४५ सेंटिमीटर ठेवावी.

आता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांस पुढील हिशेब करावयास द्यावा. वाट १० सेंटिमीटर खोल खणली तर ३ मीटर × ०.४५ मीटर × ०.१० मीटर म्हणजे ०.१३५ घनमीटर, अर्थात १३५ लिटर माती निघेल. वाफ्याचे क्षेत्रफळ ३ × ०.९ म्हणजे २.७ चौरस मीटर. तेवढ्यावर ही माती पसरल्यास थर ५ सेंटिमीटरचा होईल. त्यावर ५ सेंटिमीटर खताचा थर दिला तर खतही १३५ लिटरच लागेल, म्हणजे १५ लिटरच्या ९ बादल्या. वाट १० सेंटिमीटर खाली गेली व गादी १० सेंटिमीटर वर आली. दोहोंमधील फरक २० सेंटिमीटर झाला.

प्रत्यक्षात मुलांनी मोजलेली उंची या उत्तराहून अधिक भरेल. खणलेल्या मातीत हवा शिरते व ती फुगते, हे त्याचे कारण. दोन-तीन पाण्यांनंतर गादी पुन्हा खचेल. उंची पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी व तिसाव्या दिवशी मोजून तक्त्यात लिहावी. घनफळाचा पाठ अशा रीतीने मापला व लिहिला गेला म्हणजे तो वहीत कोंडून राहत नाही.

वाफा बांधण्याचा क्रम

जागेची निवड पाऊस चालू असतानाच करावी. भाद्रपदात एखादी मोठी सर येऊन गेल्यावर आवारात कोठे पाणी साचते व कोठून लवकर ओसरते, हे मुलांकडून पाहून घ्यावे व नकाशात दाखवावयास सांगावे. पाणी साचणारी जागा टाळावी. निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्यावी.

पाऊस उघडल्यावर वापसा येण्याची वाट पाहावी. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून विखुरला तर वापसा आला; चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी दोन दिवस थांबावे. चिकण माती ओली असताना खणली तर तिची ढेकळे विटेसारखी वाळतात.

वापसा आल्यावर खुंट्या ठोकून सुतळीने वाफे आखावेत. गवत मुळासकट काढावे. वाफ्याची जागा एक कुदळ खोल खणून मोकळी करावी. माती उलटीपालटी करून खालची वर आणू नये, कारण गोडी माती वरच आहे. भाताचे जाड काड, वाळलेल्या काटक्या किंवा पावसात भिजून निघालेली नारळाची सोडणे मिळाल्यास त्यांचा थर चार बोटे माती बाजूला सारून खाली घालावा व माती पुन्हा ओढून घ्यावी. जाडेभरड्या थरातील मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही; वात मध्येच तुटल्यासारखी होते.

त्यानंतर वाटेवरील माती फावड्याने उचलून गादीवर घालावी, ढेकळे फोडावीत व खत मिसळावे. नऊ बादल्यांपैकी सहा पालापाचोळ्याच्या कुजलेल्या खताच्या व तीन पूर्ण कुजलेल्या शेणखताच्या असाव्यात. शेणखतातही क्षार असतात, म्हणून अशा जमिनीत सर्व खत शेणाचे घालू नये. डोंगराळ कोकणच्या आम्ल मातीत चुलीची राख हितकर ठरते. खाडीकाठी ती सढळ हाताने टाकू नये, कारण राख म्हणजेही क्षारच. शेवटी दंताळ्याने गादी सपाट करावी व कडा थोड्या उतरत्या ठेवाव्यात. वाटांना सखल बाजूकडे उतार द्यावा, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी तुंबणार नाही.

कुदळ व फावडे मोठ्या मुलांच्याच हाती, आणि तेही शिक्षक समोर असताना द्यावे. आखणी, मोजणी, गवत वेचणे, खत कालविणे व नोंदी ही कामे लहानांची. मुलगे व मुली यांना सर्व कामे पाळीपाळीने मिळावीत. कोणतेही काम एका वेळी दोन तासिकांहून अधिक चालू नये. मुलांकडून काम करून घेणे हा बागेचा हेतू नव्हे. जे काम करताना मुलास काही मोजावयाचे, पाहावयाचे किंवा विचारावयाचे उरत नाही ते बंद करावे. वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या परिषदेतून नई तालीमची जी कल्पना पुढे आली तिचा गाभा हाताच्या कामातून ज्ञान हाच होता, आणि तो आजही बागेस लागू पडतो.

दिवाळीची सुटी

शालेय बागेचा खरा शत्रू पुष्कळदा कीड नसून सुटी असते. बी पेरले आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुटी लागली तर रोपांना पाणी कोण घालणार? म्हणून पंचांग व शाळेचे वेळापत्रक समोर ठेवून काम आखावे. दसऱ्याच्या आसपास खणणे, दिवाळीपूर्वी गादी पुरी करून झाकणे आणि सुटीनंतर पेरणे हा क्रम सर्वांत सोयीचा आहे.

सुटीच्या काळात वाफा रिकामा असला तरी उघडा नसावा. गादीवर चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. याच दिवसांत परिसरातील भाताची कापणी व मळणी होत असल्याने पेंढा मिळू शकतो. न मिळाल्यास वाळलेला पाला चालेल. आच्छादनामुळे ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही, ओल उडत नाही, आणि ओल उडत नाही म्हणून मीठ वर येत नाही. त्याखाली गांडुळे व सूक्ष्म जीव खत मातीत कालवीत राहतात. थंड देशांत जे काम हिमाने होते ते येथे या जीवांकडून होते. सुटीहून परतल्यावर माती हाताने सारता येईल इतकी भुसभुशीत झालेली आढळावी.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर पावसाची माघार व सुटी यांत दोनच आठवडे मिळतात. अशा वर्षी सर्व वाफे पुरे करण्याचा हट्ट धरू नये. दोन वाफे नीट बांधून झाकावेत. उरलेली जागा केवळ पेंढ्याने झाकून ठेवावी व सुटीनंतर खणावी. झाकलेली जमीन वाट पाहू शकते.

कोणत्या वाफ्यात कोणती भाजी

सर्व भाज्या सारख्याच मीठ सोसत नाहीत. घेवडा, गाजर, कांदा, मुळा, वांगी व भेंडी यांना थोडासा खारेपणाही बाधतो. टोमॅटो, काकडी व कोबी मध्यम. बीट व चवळी त्यांहून अधिक काटक, आणि गवार तर भाज्यांमध्ये मीठ सोसण्यात अग्रेसर. आपल्याकडील पालक हा बीटाचाच भाऊबंद होय. बीटाचे रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकाठी आजही वाढतात, तेव्हा या कुळाला खाऱ्या वाऱ्याची सवय जुनी आहे.

यावरून वर्षाची दोन पिके ठरवावीत. दिवाळीनंतर माती अद्याप गोडी असते, म्हणून पहिल्या पिकात मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर व बीट घ्यावे. मेथी महिन्याभरात, पालकाचा पहिला खुडा पाच आठवड्यांत व मुळा सहा आठवड्यांत हाती येतो. बीटास दोन महिने व थोडे अधिक लागतात. मुलांना लवकर फळ दिसणे पहिल्या वर्षी फार महत्त्वाचे असते.

दुसरे पीक वसंताचे. जानेवारीअखेर वाफे मोकळे करून, वर दोन बादल्या खत देऊन, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गवार व चवळी पेरावी. सर्वांत गोड्या एका वाफ्यात भेंडी लावून पाहण्यास हरकत नाही. गवार व चवळीच्या शेंगा सुमारे सात-आठ आठवड्यांत, म्हणजे चैत्राच्या सुमारास मिळू लागतात आणि उन्हाळी सुटीपूर्वी तोडणी संपते. ज्या काळात खाडीकाठच्या उघड्या जमिनीवर मिठाचा थर दिसतो, त्याच काळात शाळेच्या पोषण आहाराच्या भांड्यात आवारातील गवारीची भाजी शिजू शकते. केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी २०१९ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे ‘परसबाग’ या नावाने जो उपक्रम परिचित आहे त्यास खाडीकाठी खरा अर्थ या वसंतातील पिकानेच येईल.

पाणी किती व कोठून

बी उगवेपर्यंत झारीने रोज हलके पाणी द्यावे. त्यानंतर मात्र रोज थोडे शिंपडण्याची सवय सोडावी. थोडे पाणी वरच्या थरातच अडते, उडून जाते व आपले मीठ तेथेच ठेवून जाते. १० लिटरची एक झारी रोज घालण्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी चार झाऱ्या घालाव्यात. ४० लिटर पाणी २.७ चौरस मीटरवर पडणे म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर पाऊस पडण्यासारखे आहे. ते खोल उतरते व मीठ मुळांखाली नेते. माती व ऊन पाहून हे प्रमाण कमीअधिक करावे.

पाणी नेहमी गादीवर वरून द्यावे. वाटेत पाणी सोडले तर ते दोन्ही बाजूंनी गादीत शिरून वर चढते आणि मीठ गादीच्या माथ्यावर मधोमध गोळा करते. काही कारणाने वाटेतूनच पाणी देणे भाग पडले तर रोपे माथ्यावर न लावता गादीच्या उतरत्या कडेवर लावावीत.

पाण्याची चव ऋतूबरोबर बदलते. वसईच्या किनारपट्टीत गोडे पाणी हे जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर, हलके असल्यामुळे, तरंगत असते. उपसा फार झाला की खालचे खारे पाणी वर सरकते. जुन्या वाडीवाल्यांनी पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविण्यासाठी बावखले खणली, त्यामागील शहाणपण हेच होय. विहिरीच्या एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ असले तरी ४० लिटरमागे ४० ग्रॅम मीठ वाफ्यात जाते. फेब्रुवारीच्या आरंभापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पंचवीस वेळा पाणी दिले तर एका वाफ्यात एक किलो मीठ पडले. हा हिशेब मुलांसमोर मांडावा आणि एक किलो मिठाची पिशवी वाफ्याशेजारी ठेवून दाखवावी. शक्य तर वसंतातील पिकास नळाचे पाणी द्यावे. हात धुण्याचे साबण नसलेले पाणी वाया न घालविता बागेकडे वळवावे.

तीन सोपे प्रयोग

पहिला प्रयोग तीन डब्यांचा. तीन डब्यांच्या तळाला भोके पाडून त्यांत सारखी माती भरावी. दुसऱ्यात मातीवर पेंढा घालावा. तिसऱ्यात तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर देऊन वर माती भरावी. तिन्ही डबे मिठाच्या पाण्याच्या थाळीत उन्हात ठेवावेत. तिसऱ्या डब्याच्या थाळीतील पाणी विटांच्या थराच्या वर जाऊ देऊ नये. कोणत्या डब्यावर पांढरा थर आधी येतो ते मुलांनी रोज पाहावे. उंच गादी व आच्छादन यांचे कारण या थाळीत दिसेल.

दुसरा प्रयोग मातीच्या निवळीचा. एक पेला माती दोन पेले गोड्या पाण्यात ढवळून, निवळू देऊन, वरचे पाणी कापडातून गाळून काळ्या तव्यात उन्हात वाळवावे. ऑक्टोबरात, जानेवारीत व एप्रिलमध्ये त्याच जागेच्या मातीवर, त्याच मापाने हे करावे व मागे राहिलेल्या पांढऱ्या डागाची तुलना करावी.

तिसरा प्रयोग बियांचा. मेथीचे पंचवीस दाणे वाफ्याच्या मातीत व पंचवीस उघड्या आवारातील मातीत पेरून आठव्या दिवशी उगवलेले मोजावेत. शेकडेवारीचा पाठ येथेच होतो. अपेक्षेहून निराळा आकडा आला तरी तोच लिहावा. कारण शोधण्याची सवय अशाच आकड्यातून लागते.

याखेरीज तालुका कृषी कार्यालयामार्फत माती तपासून घेता येते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमेन प्रतिमीटरपेक्षा अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजली जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे आहे. हाच प्रश्न बंगालच्या सुंदरबनातही आहे. तेथे जमिनीचा काही भाग खणून पावसाचे पाणी साठवावयाचे, निघालेल्या मातीने उरलेला भाग उंच करून त्यावर भाजी घ्यावयाची, आणि बटाट्यासारखे पीक भाताच्या पेंढ्याखाली वाढवावयाचे, अशा रीती रुळल्या आहेत. देशाच्या दोन टोकांच्या खाडीकाठी शेतकऱ्यांनी एकाच तत्त्वाचा आधार घेतला आहे, हे भूगोलाच्या तासास सांगण्याजोगे आहे.

भराव घातलेली आवारे

नायगाव परिसरात इमारती वाढल्या, तसे अनेक ठिकाणी मूळ जमिनीवर मुरूम व बांधकामाचा राबिट टाकून भराव झाला आहे. अशा आवारात खणण्याचा आग्रह न धरता विटांची किंवा दगडांची कड करून ३० सेंटिमीटर उंचीचा वाफा वरच बांधावा. खालचा भरड भराव येथे उपकारकच ठरतो, कारण त्यातून खारे पाणी चढत नाही. मात्र आणलेली माती खाडीकाठची नसावी. आणण्यापूर्वी तिची निवळी वर सांगितल्याप्रमाणे तपासावी.

पावसाळ्यातील काम

१५ जूनच्या सुमारास शाळा उघडताच रिकाम्या गाद्यांवर धैंचा पेरावा. हे हिरवळीचे पीक खारेपणा व ओल दोन्ही सोसते, मुसळधार पावसात गादीची माती धरून ठेवते, आणि सहा-सात आठवड्यांनी कोवळे असतानाच कापून मातीत दाबल्यास आश्विनापर्यंत कुजून खत होते. वाटांची तोंडे पावसाळाभर मोकळी ठेवावीत, म्हणजे वसंतात साठलेले मीठ पावसाबरोबर वाहून जाईल. ज्या शाळेने वाटांची तोंडे बुजू दिली तिला पुढील शरदात धुतलेली माती मिळणार नाही.

बागेची नोंदवही एकच असावी व ती वर्षानुवर्षे पुढे चालावी. तीत वाफ्याची उंची, पेरणीची तारीख, पाण्याच्या झाऱ्या, उगवलेले बी व तोडलेल्या भाजीचे वजन लिहावे. गावातील एखाद्या वयोवृद्ध वाडीवाल्यास किंवा मिठागरात काम केलेल्या आजोबांना वर्गात बोलावून माती, पाणी व वारा यांविषयी विचारावे. वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी अशा ज्या बोली मुलांच्या घरी बोलल्या जातात त्यांतील माती-पाण्याचे शब्दही याच वहीत यावेत. त्यांत शाळेच्या पुस्तकात नसलेली पुष्कळ माहिती सापडेल.

पहिल्या वर्षी दोन वाफे पुरेत. एक ऑक्टोबरात बांधून झाकलेला; दुसरा, मुद्दाम तुलनेसाठी, जानेवारीत केलेला व उघडा. दोहोंत एकाच दिवशी चवळीचे तेवढेच दाणे पेरावेत आणि मुलांनाच मोजू द्यावे. गावच्या मातीविषयीचा निर्णय त्यांनी स्वतः मोजून मग द्यावा, एवढीच काळजी शिक्षकांनी घ्यावयाची आहे.